आठ बाय चारचा पत्रा

साहेब म्हणाले, गाव बसवायचंय आठ बाय चारच्या पत्र्यावर.
प्रेक्षणीय स्थळे, अंतर किलोमीटरमध्ये,
बाण काढा, खाली नगरपरिषद जुन्नर.
मी आवक-जावकची कारकून, यादी मीच केली.
किल्ला. लेण्याद्री. मानमोडी. तुळजा.
हबशी घुमट.
नाणेघाट शेवटी, कारण तो लांब,
आणि माझं माहेर तिकडचं, घाटघरचं;
पंगतीत आपल्या माणसाला आधी वाढू नये.

बिबट्या घालायचा का, मी विचारलं,
उसात रोज कुणाला तरी दिसतो.
साहेब हसले नाहीत.

पेंटर मुनीर कागदी यादी वाचून म्हणाला,
"बाई, अंतर कुठनं मोजलं?"
"एसटी स्टँडपासून."
"स्टँड तर काल-परवाचं,"
आणि टर्पेंटाइनमध्ये ब्रश ढवळत राहिला.

त्याच्या आडनावात एक धंदा आहे, बंद पडलेला.
चिंध्या, ताग, चुन्याची निवळी, हौद,
वाळला ताव मांडीवर घेऊन
गुळगुळीत दगडाने घोटत बसलेली माणसं.
पेशव्यांच्या दप्तरात असतील, म्हणतो, आमचे ताव अजून
कुणाकुणाचं कर्ज पाठीवर घेऊन.
त्याने स्वतः दिलेलं कोटेशन मात्र
झेरॉक्सवाल्याच्या कागदावर होतं,
पांढराफेक, कडेला बोट कापेल असा.

दुपारी चहा आला तेव्हा मी त्याला लेण्यांतलं सांगितलं.
कुणा यवनाने दिली पाण्याची दोन टाकी,
दुसऱ्या यवनाने जेवणाचा मंडप.
बांबूवाल्यांची श्रेणी होती, कासारांची होती,
कुणी करंजाची झाडं लावायला जमीन लावून दिली.
नाव, आणि काय दिलं.
एवढंच, दगडात. दोन हजार वर्षं कुणी खोडलं नाही.
"आणि ज्याने अक्षर कोरलं, त्याचं नाव?"
ते नाही, मी म्हणाले.
त्याने बशीतला चहा संपवला.
"बरोबर आहे. बिल तरी मिळालं असेल."

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे,
कोकणातनं चढून आलेला बैल तिथं थांबायचा,
जकात टाकायची, मग पुढे खोऱ्यात.
आम्ही त्यात करवंदाच्या बिया थुंकायचो, नेम धरून.
चुलतभाऊ लुमाजी एकदा आत उतरला, निघता येईना,
गावभर शोध, आणि हा आतून
घुमणाऱ्या आवाजात पाढे म्हणतोय.
हल्ली काकू तिथं मॅगी विकते.
वारा धबधबा उलटा फेकतो वर,
लोक भिजतात, ओरडतात, उधारी ठेवत नाहीत.
यातलं काही पत्र्यावर मावत नव्हतं.
रविवारचा बाजारही नाही,
मासवडीच्या रश्श्याचा ठसका नाही,
कुकडीचं नाव तर मीच विसरले.
नदीला कोण बघायला येतं, तिच्यावरूनच तर जातात.

मुनीरने कोपऱ्यात तांदळाएवढी सही केली.
मी म्हटलं, हे नियमात नाही.
त्याने अंगठ्याने पुसली. काही बोलला नाही.
अंगठा आठवडाभर निळा होता.

पत्रा लागला स्टँडसमोर.
पोरं त्याखाली फोटो काढतात,
टोमॅटोच्या टेम्पोने तुळजाचा बाण वाकवलाय,
आता तो थेट सुलभ शौचालयाकडे दाखवतो.

काल मेथी घ्यायला मागच्या बाजूने गेले.
तिकडे फक्त भाजीवाल्या बसतात, पत्र्याच्या सावलीला.
मागे रंग द्यायचं कंत्राटात नव्हतं.
तिथं त्याने ब्रश आजमावला होता,
ज, ज, न्न, परत न्न, अर्धाच र,
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, एक ओळ पूर्ण:
कागदी हौद, किलोमीटर शून्य.
भाजीवाली म्हणाली, ते आधीपासनंच आहे.

बिल अजून माझ्या टेबलावर पडलंय,
सहीला जाण्याआधी शेरा लागतो.
मी लिहिलं, काम समाधानकारक.
पेन टेकवून थांबले जरा,
मग पुढे लिहिलं,
दोन्ही बाजू तपासल्या.